पोषणमूल्यांचे आकडे लेबलवर उतरवताना : पूर्णांकन कधी, कुठे आणि किती वेळा

सांगली-मिरज परिसरात भडंग, लोणची, चटण्या आणि पेढे तयार करणाऱ्या बचत गटांची आणि छोट्या उद्योजकांची लेबले छपाईपूर्वी तपासून देण्याचे काम मी करतो. या कामात सातत्याने दिसणारी गोष्ट अशी की, लेबलवरची चूक बहुतेक वेळा प्रयोगशाळेत झालेली नसते. अहवाल हातात आल्यानंतर आकडे ‘सुटसुटीत’ करण्याच्या, म्हणजे पूर्णांकन करून जवळच्या अंकावर आणण्याच्या, नादात ती झालेली असते. कुपवाडच्या एका गटातील ताईंनी मला एकदा सरळच विचारले होते, “दादा, आकडा शेवटी जवळचाच घ्यायचा ना? मग आधी घेतला काय आणि नंतर घेतला काय, फरक काय पडतो?” त्यांच्याच भडंगाचा हिशेब आम्ही दोन्ही पद्धतींनी करून पाहिला आणि फरक पडला. तोच हिशेब, आकडे थोडे बदलून, या लेखात मांडला आहे.

नियम काय मागतो

भारतात विकल्या जाणाऱ्या वेष्टित खाद्यपदार्थांना अन्न सुरक्षा आणि मानके (लेबलिंग आणि प्रदर्शन) विनियम, २०२० लागू आहेत. त्यानुसार पोषणमूल्यांच्या तक्त्यात ऊर्जा किलोकॅलरीमध्ये; प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, मिसळलेली साखर, एकूण मेद, संपृक्त मेद आणि ट्रान्स फॅट ग्रॅममध्ये; तर कोलेस्टेरॉल आणि सोडिअम मिलिग्रॅममध्ये द्यावे लागते. हे आकडे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे, अथवा एकाच वेळी संपणाऱ्या पाकिटामागे द्यायचे असतात. याशिवाय एका वेळच्या मात्रेतून प्रौढ व्यक्तीच्या दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो, हेही दाखवावे लागते. त्यासाठीचे पायाभूत आकडे ठरलेले आहेत : ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण मेद ६७ ग्रॅम, संपृक्त मेद २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, मिसळलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडिअम २००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ.

या आकड्यांकडे जरा निरखून पाहावे. एकूण मेदासाठी २००० किलोकॅलरीचे ३० टक्के धरले तर ६०० होतात. मेदाच्या एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी धरून ६०० ला ९ ने भागले तर ६६.६७ येतात आणि लिहिताना त्याचे ६७ होतात. संपृक्त मेदासाठी १० टक्क्यांचा हिशेब केला तर २२.२ चे २२ आणि ट्रान्स फॅटसाठी १ टक्क्याचा केला तर २.२ चे २ होतात. म्हणजे ज्या संख्येने आपण भागणार आहोत, ती स्वतःच जवळच्या पूर्ण अंकावर आणलेली आहे. म्हणून भागल्या जाणाऱ्या संख्येत तरी आपल्या हाताने आणखी ढिलाई येऊ देऊ नये.

पहिली पायरी : अहवाल आहे तसा उतरवून घ्यावा

चाचणी शक्यतो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या आणि एफएसएसएआयने (अन्न सुरक्षेचे केंद्रीय प्राधिकरण) अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळेतून, आणि एका नव्हे तर किमान तीन घाण्यांच्या नमुन्यांवर करून घ्यावी. खर्च वाढतो हे खरे, पण भडंगासारख्या पदार्थात मसाला आणि मीठ हाताने चोळले जाते आणि प्रत्येक घाण्याला ते थोडे वेगळे पडते. समजा तीन नमुन्यांत सोडिअम ८५१, ८३६ आणि ८४० मिलिग्रॅम आले, तर सरासरी ८४२.३३ येते. घाण्याघाण्यांत दहा-पंधरा मिलिग्रॅमचा फरक असताना लेबलवर ‘८४२.३३’ छापणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा आव आणणे होय. लेबलवर ८४२ हाच आकडा योग्य. मात्र हिशेबाच्या वहीत ८४२.३३ च राहिले पाहिजे, कारण पुढची टक्केवारी त्यावरून काढायची आहे.

वहीतला आकडा आणि लेबलवरचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीतला आकडा पूर्ण दशांशांसह पुढच्या प्रत्येक गणितात जातो. लेबलवरचा आकडा फक्त छापण्यासाठी असतो आणि तो कोणत्याही गणितात परत येत नाही.

संपृक्त मेदाचे उदाहरण घेऊ. तीन नमुन्यांत ४.३१, ४.३८ आणि ४.३५ ग्रॅम आले. सरासरी ४.३४६७. कोणी आधी दोन दशांश ठेवून ४.३५ केले आणि लेबल करताना त्याचे एक दशांश केले, तर ४.४ होतात. मूळ सरासरीवरून एकाच टप्प्यात एक दशांशापर्यंत आले, तर ४.३ येतात. ४.४ हा आकडा कोणत्याच गणिताने खरा ठरत नाही. तो केवळ दोनदा केलेल्या पूर्णांकनातून जन्माला आला आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २ या मानकातही हेच बजावलेले आहे की, अंतिम आकडा उपलब्ध असलेल्या सर्वांत काटेकोर आकड्यावरून एकाच टप्प्यात काढावा, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत येऊ नये. (ब्यूरोच्या क्रमवारीत आयएस १ हे राष्ट्रध्वजाचे मानक आहे आणि त्याच्या पाठोपाठचे हे मानक आकडे जवळच्या स्थानावर कसे आणावेत याचे आहे, ही गोष्ट मला नेहमीच आवडत आली आहे.)

मिसळलेली साखर : येथे चूक दशांशाची नसते, टोपाची असते

प्रयोगशाळा एकूण साखर मोजून देते. त्यातली मूळची किती आणि आपण घातलेली किती, हे मापून सांगणे तिला शक्य नसते, कारण दुधातली साखर सोडली तर फळातली साखर आणि आपण घातलेल्या साखरेचे घटक रसायनाच्या दृष्टीने बरेचसे सारखेच असतात. तासगावच्या बेदाण्यात १०० ग्रॅमला साठ ग्रॅमच्या आसपास साखर असते, पण ती सगळी द्राक्षाची स्वतःची असल्यामुळे, वरून साखर घातलेली नसेल, तर ‘मिसळलेली साखर’ या ओळीत शून्यच येते. त्यामुळे हा आकडा आपल्याला आपल्या कृतीवरून काढावा लागतो आणि येथेच सर्वांत मोठी गफलत होते.

साताऱ्याच्या कंदी पेढ्याच्या धर्तीवर एक हिशेब मांडू. १० किलो खवा आणि ३ किलो साखर घेतली. कच्च्या मालाची बेरीज १३ किलो झाली, म्हणून ३ ला १३ ने भागून ‘१०० ग्रॅममागे २३.१ ग्रॅम’ असे लिहिले जाते. पण पेढ्यासाठी खवा मंद आचेवर भाजून घेतात आणि भाजताना पाणी उडून जाते. तयार पेढे काट्यावर ठेवले तेव्हा वजन ११.६ किलो भरले, असे समजू. साखर कुठेच गेलेली नाही. ती ३ किलोच आहे. तेव्हा खरा आकडा ३ भागिले ११.६, म्हणजे १०० ग्रॅममागे २५.८६ ग्रॅम होतो. २० ग्रॅमच्या एका पेढ्यात ५.१७ ग्रॅम साखर, म्हणजे ५० ग्रॅमच्या १०.३ टक्के, चुकीच्या पद्धतीने मात्र ९.२ टक्के. लेबलवर १० ऐवजी ९ छापले जाईल आणि कितीही काळजीपूर्वक पूर्णांकन केले तरी ही चूक दुरुस्त होणार नाही. म्हणून प्रत्येक घाण्याचे तयार वजन नोंदवण्याची सवय लावून घ्यावी. आकड्यांची शिस्त वहीत नव्हे, वजनकाट्यावर सुरू होते.

ऊर्जा : आधी गुणाकार, मग पूर्णांकन

आता आपल्या भडंगाकडे येऊ. समजा १०० ग्रॅममध्ये प्रथिने १०.४६ ग्रॅम, मेद २१.६५ ग्रॅम, पाण्याचा अंश २.९४ ग्रॅम आणि राख, म्हणजे खनिजांचा अंश, ४.१८ ग्रॅम आहे. कर्बोदके वजाबाकीने काढली जातात : १०० मधून ही ३९.२३ ची बेरीज वजा करता ६०.७७ उरतात. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ आणि मेदाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ किलोकॅलरी धरून ४१.८४ अधिक २४३.०८ अधिक १९४.८५, म्हणजे ४७९.७७ किलोकॅलरी होतात. लेबलवर ४८०.

हेच तिन्ही घटक आधी पूर्ण ग्रॅमवर आणले, तर १०, ६१ आणि २२ होतात आणि ऊर्जा ४८२ येते. फरक दोनच किलोकॅलरींचा आहे, पण दिशा लक्षात घ्यावी : मेदाच्या आकड्यातली छोटी वाढ ९ ने गुणली जाते. तेलकट पदार्थात हा फरक आणखी फुगतो.

येथे एक उलटी अडचण उभी राहते, आणि ती माझ्यावर एकदा आलेली आहे. लेबलवर घटक पूर्ण ग्रॅममध्ये आणि ऊर्जा मूळ आकड्यांवरून काढलेली, असे असेल तर माल घेणाऱ्या कंपनीचा गुणवत्ता तपासणारा माणूस लेबलवरचे छापील आकडे घेऊन गुणाकार करतो आणि ‘तुमची ऊर्जा जुळत नाही’ असे पत्र पाठवतो. हिशेब माझाच बरोबर होता, पण तो वहीत होता आणि वही सांगलीत होती. तेव्हापासून मी ग्रॅममधले घटक एका दशांशापर्यंत छापण्याचा आग्रह धरतो. १०.५, ६०.८ आणि २१.७ या छापील आकड्यांवरून ४८०.५ येतात आणि ४८० शी ते इतके जवळ असतात की, कोणी शंका काढत नाही.

किती स्थाने ठेवावीत आणि नेमके अर्ध्यावर काय करावे

मी पाळत असलेली पद्धत अशी आहे : ऊर्जा पूर्ण किलोकॅलरीत, सोडिअम आणि कोलेस्टेरॉल पूर्ण मिलिग्रॅममध्ये, ग्रॅममधले घटक एका दशांशापर्यंत, ट्रान्स फॅट दोन दशांशांपर्यंत आणि टक्केवारी पूर्ण अंकात. पद्धत कोणतीही ठरवा, पण ती एका कागदावर लिहून, तारीख घालून फाइलला लावा आणि सर्व उत्पादनांना तीच लावा. भडंगाला एक आणि शेवेला दुसरी असे होऊ देऊ नका.

२१.६५ चे वर २१.७ केले, हे काही वाचकांना खटकले असेल, आणि ते खटकणे योग्यच आहे. ५ नेमका मध्यावर आला की, आयएस २ नुसार मागचा अंक सम राहील असे पाहायचे असते, म्हणजे २१.६५ चे २१.६ आणि २१.७५ चे २१.८. नेहमी वरच गेले तर बेरजांमध्ये आकडे सतत वरच्या बाजूला सरकत राहतात, म्हणून ही तजवीज आहे. पण एक्सेलमधले ‘राउंड’ हे सूत्र ५ आला की वरच जाते आणि २१.७ देते. संगणकावर हिशेब करणाऱ्याला बहुतेक वेळा हा फरक माहीतही नसतो. माझे मत असे की, मेद, संपृक्त मेद, साखर आणि सोडिअम या घटकांबाबत ग्राहकाला जपून खायचे असते, त्यामुळे नेमक्या अर्ध्यावर आपण वरच जावे, जेणेकरून कमी दाखवल्याचा ठपका आपल्यावर कधी येणार नाही. शास्त्रशुद्ध संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते थोडे एकांगी आहे, हे मला मान्य आहे.

टक्केवारी : मात्रा आधी ठरवावी, प्रामाणिकपणे

एका वेळची मात्रा किती, हे ठरवण्यासाठी कुपवाडच्या त्या ताईंनी घरातली मोठी वाटी काढली, तीत शिगोशीग भडंग भरला आणि काट्यावर ओतला. पहिल्यांदा २८, मग ३१, मग २९ ग्रॅम भरले, आणि प्रत्येक वेळी वाटीबाहेर सांडलेले चुरमुरे त्यांनी बोटाने वेचून परत काट्यावर टाकले. म्हणून ३० ग्रॅम ठरले. पुडा १५० ग्रॅमचा असल्यामुळे त्याच्या नेमक्या पाच मात्रा होतात. पुड्याच्या वजनाला निःशेष भाग जाईल अशी मात्रा निवडली की, ‘सुमारे ६.६७ मात्रा’ असले विनोद टळतात.

आता प्रत्येक घटकाचा मूळ आकडा ०.३ ने गुणावा आणि पायाभूत आकड्याने भागावा. ऊर्जा : ४७९.७७ चे १४३.९३, आणि २००० च्या तुलनेत ७.२, म्हणजे ७ टक्के. मेद : ६.४९५ ग्रॅम, ६७ च्या तुलनेत ९.७, म्हणजे १० टक्के. येथे कोणी मधल्या टप्प्यावरच ६.४९५ चे ६ केले, तर ६ भागिले ६७ म्हणजे ८.९६, आणि लेबलवर ९ टक्के छापले जातात. संपृक्त मेद : ४.३४६७ चे १.३०४, २२ च्या तुलनेत ५.९, म्हणजे ६ टक्के. आधीच १ ग्रॅम धरले असते तर ४.५ आले असते. सोडिअम : ८४२.३३ चे २५२.७, २००० च्या तुलनेत १२.६, म्हणजे १३ टक्के. भडंगावर भुरभुरलेली साखर १०० ग्रॅममागे ४.२ ग्रॅम असेल, तर ती १.२६ ग्रॅम, ५० च्या तुलनेत २.५२, म्हणजे ३ टक्के. आधी १ ग्रॅम केले असते तर २ टक्के.

या सगळ्या उदाहरणांत मधले पूर्णांकन आकडा कमीच दाखवते, हा योगायोग आहे. दुसऱ्या पदार्थात ते वाढवूनही दाखवेल. पण कमी दाखवणारी चूक लवकर सापडत नाही, कारण ती उत्पादकाला गोड लागते. मात्रा मुद्दाम १० ग्रॅम लिहून सोडिअम १३ वरून ४ टक्क्यांवर आणणारेही मी पाहिले आहेत. दहा ग्रॅम भडंग म्हणजे त्या वाटीचा जेमतेम तिसरा भाग. तेवढ्यावर सांगलीत कोणी थांबत नाही.

शून्य लिहिण्यापूर्वी

समजा ट्रान्स फॅट १०० ग्रॅममागे ०.०६ ग्रॅम आले. एक दशांश ठेवला तर ते ०.१ होते, पूर्ण ग्रॅम ठेवला तर ०. पण ३० ग्रॅमच्या मात्रेत ०.०१८ ग्रॅम, आणि २ ग्रॅमच्या तुलनेत ०.९, म्हणजे पूर्णांकनानंतर १ टक्का होतो. एकाच ओळीत ‘० ग्रॅम’ आणि ‘१ टक्का’ असे छापले गेले, तर कोणता आकडा खरा, असा प्रश्न कोणालाही पडेल. म्हणूनच ट्रान्स फॅटला मी दोन दशांश ठेवतो : ०.०६ ग्रॅम आणि १ टक्का, दोन्ही एकमेकांशी जुळतात. पेढ्यासारख्या दुधाच्या पदार्थात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : दुधाच्या मेदात निसर्गतःच थोडे ट्रान्स फॅट असते आणि विनियमातल्या या ओळीत नैसर्गिक ट्रान्स फॅट धरायचे नसते. प्रयोगशाळेचा आकडा एकूण ट्रान्स फॅटचा आहे की कसे, हे विचारून घेतल्याशिवाय तो उतरवू नये.

दाव्यांच्या बाबतीत तर पूर्णांकित आकड्यावर कधीच विसंबू नये. ‘ट्रान्स फॅट मुक्त’ म्हणण्यासाठी १०० ग्रॅममागे ०.२ ग्रॅमपेक्षा कमी, तर ‘शर्करामुक्त’ म्हणण्यासाठी १०० ग्रॅममागे जास्तीत जास्त ०.५ ग्रॅम साखर चालते. साखर ०.५४ ग्रॅम आली तर तक्त्यात तिचे ०.५ होतात, पण म्हणून पदार्थ शर्करामुक्त होत नाही. मर्यादेशी तुलना करायची ती वहीतल्या आकड्याची.

माल परदेशी जाणार असेल तर

येथे आपली पद्धत बाजूला ठेवून त्या देशाची पद्धत पाळावी लागते. अमेरिकेत आकडे एका मात्रेमागे देतात आणि पूर्णांकनाचे टप्पे कायद्यानेच ठरलेले आहेत : ५० पर्यंतच्या कॅलरी (म्हणजे आपल्या किलोकॅलरीच) जवळच्या ५ वर आणि त्यापुढच्या १० वर, मेद ५ ग्रॅमच्या आत असेल तर अर्ध्या ग्रॅमवर आणि पुढे पूर्ण ग्रॅमवर, सोडिअम १४० मिलिग्रॅमपर्यंत ५ वर आणि पुढे १० वर. मेद अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तेथे शून्य लिहिले जाते. आपल्या भडंगाच्या ३० ग्रॅमचे तेथे १४० कॅलरी, ६ ग्रॅम मेद, १.५ ग्रॅम संपृक्त मेद आणि २५० मिलिग्रॅम सोडिअम होईल. तेथील पायाभूत आकडेही वेगळे आहेत : मेद ७८ ग्रॅम, संपृक्त मेद २० ग्रॅम, सोडिअम २३०० मिलिग्रॅम. टक्केवारी मूळ किंवा पूर्णांकित, कोणत्याही आकड्यावरून काढण्याची मुभा तेथे आहे. त्यामुळे संपृक्त मेद १.३०४ वरून ७ टक्के आणि १.५ वरून ८ टक्के येते, आणि दोन्ही चालतात. युरोपात सोडिअमऐवजी मीठ लिहितात : सोडिअमला २.५ ने गुणून १०० ग्रॅममागे २.१ ग्रॅम.

छपाईच्या आधीची शेवटची नजर

एक्सेलमध्ये रकान्याचे दशांश कमी केले की आकडा फक्त दिसायला लहान होतो. आत तो तसाच राहतो आणि गणितातही तोच जातो. ही सोय आहे, कारण दिसणारा आकडा लेबलसाठी आणि आतला आकडा हिशेबासाठी अशी विभागणी आपोआप होते. मात्र कोणी दिसणारे आकडे कागदावर उतरवून दुसऱ्या तक्त्यात पुन्हा टाइप केले, की ही विभागणी मोडते. डीटीपी करणाऱ्याला आकडे फोनवर सांगू नयेत. त्याला छापायचा तक्ता तयार करूनच पाठवावा आणि प्रूफ आल्यावर एकाने वहीतला आकडा मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून मिळवून पाहावा. माझ्या सुरुवातीच्या काळात मी हे केले नव्हते. पाउचचा पूर्ण रोल छापून आल्यावर सोडिअमपुढे ‘मिग्रॅ’ऐवजी ‘ग्रॅ’ दिसले, आणि त्या रात्री आम्ही चौघांनी जमिनीवर बसून पहाटेपर्यंत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.